विश्लेषण : भाताचे तूस, उसाचे पाचट, खोक्यांचे लाकूड... टाकाऊ बायोमासवर घरचा स्वयंपाक परवडतो का?

उरण तालुका स्वयंपाकाच्या गॅससाठी ओळखला जातो. ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात मुंबई हायच्या वायूपासून एलपीजी वेगळा होतो, भारत पेट्रोलियमचा सिलिंडर भरण्याचा प्रकल्प याच तालुक्यात आहे आणि येथून चाकण-शिक्रापूरकडे एलपीजीची वाहिनीही गेली आहे. याच तालुक्यातील द्रोणागिरी नोडभोवती कंटेनर यार्डांचे जाळे आहे. तिथे रोज उघडणाऱ्या मालाबरोबर लाकडी खोकी, फळ्या आणि टेकू बाहेर पडतात. पलीकडे रायगडच्या भातपट्ट्यात पेंढा आणि तूस आहे. हे सारे जळू शकते. मग ते धूर न करता, गॅसला पर्याय म्हणून, घरच्या शेगडीत जाळता येईल का? तंत्रज्ञान उपलब्ध आहे, पण प्रयोग अनेकदा फसले आहेत. त्यामागची कारणे आणि हिशेब समजून घेऊ.

बायोमास इंधन म्हणजे नेमके काय?

झाडे-पिके यांपासून मिळणारा कोणताही जळाऊ पदार्थ म्हणजे बायोमास. सरपण, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या हे त्याचे जुने रूप. महाराष्ट्रातील घरांना ते नवे नाही. वखारीतून आणलेला भुसा शेगडीत ठासून, मध्ये बाटली उभी करून भोक ठेवायचे आणि खालून पेटवायचे, ही भुशाची शेगडी शहरातल्या चाळींमध्येही होती.

नवे रूप म्हणजे ब्रिकेट आणि पेलेट. सुटा पेंढा किंवा पाचट हलके असते. एक घनमीटर जागेत त्याचे जेमतेम ५० ते १०० किलो वजन मावते. तेच बारीक करून, वाळवून, साच्यातून दाबून काढले की त्याच जागेत ६०० किलोंच्या आसपास माल बसतो. दाबताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने लाकडातील लिग्निन हा घटक मऊ होतो आणि थंड होताना डिंकासारखा घट्ट धरतो. त्यामुळे वेगळा चिकटा लागत नाही. जाड दंडगोल निघाला तर ते ब्रिकेट, मराठीत कांडी कोळसा या नावानेही ते विकले जाते. ते प्रामुख्याने कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाते. ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या बारीक कांड्या निघाल्या तर ते पेलेट. घरगुती शेगडीसाठी पेलेट सोयीचे.

इथे एका शब्दाचा घोळ टाळायला हवा. पेलेट म्हणजे इंधनाची कांडी. पॅलेट म्हणजे माल रचण्यासाठी वापरतात ती लाकडी चौकट. द्रोणागिरीच्या यार्डांत दिसते ती दुसरी. पॅलेटच्या लाकडापासून पेलेट बनवता येते, पण सगळ्याच पॅलेटपासून नाही. त्याकडे पुढे येऊ.

कचरा किती आणि तो खरेच कचरा आहे का?

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन बायोमास उपलब्ध होतो. गुरांचा चारा, घरचे सरपण, खत असे वापर वजा केल्यावर सुमारे २३ कोटी टन शेतकचरा शिल्लक राहतो. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. शेतात दिसणारी प्रत्येक काडी फुकट नसते.

रायगडचेच उदाहरण घेता येईल. भाताचा पेंढा गुरांना लागतो. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण हे पावसाळ्यापूर्वी राब भाजण्यासाठी वापरले जाते. रोपवाटिकेची जमीन त्यावर तयार होते. नारळाच्या करवंट्या पाणी तापवण्यासाठी जातात. खरोखर शिल्लक राहते ते प्रामुख्याने भात गिरणीतील तूस. ते गिरणीतच गोळा होत असल्याने वेचण्याचा खर्च नाही, ही जमेची बाजू. मात्र त्यात १५ ते २० टक्के राख असते आणि ती सिलिकायुक्त असते. साध्या शेगडीत तूस नीट जळत नाही, राखेचे खडे धरतात. म्हणून त्यात लाकडाचा भुसा मिसळून पेलेट करणे अधिक व्यवहार्य ठरते.

उर्वरित महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. ऊसपट्ट्यात एका हेक्टरमागे साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते गुरे खात नाहीत आणि पटकन कुजतही नाही. त्यामुळे तोडणीनंतर अनेक ठिकाणी ते पेटवून दिले जाते. विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या आहेत. पऱ्हाटीपासून ब्रिकेट आणि पेलेट बनवण्याच्या तंत्रावर माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सिरकॉट) आणि तिच्या नागपूर केंद्राने काम केले आहे. नागपूरच्या स्मशानभूमींमध्ये लाकडाऐवजी शेतकचऱ्याच्या ब्रिकेटचा वापर ‘मोक्षकाष्ठ’ या नावाने सुरू झाला, तोही याच विचारातून.

चुलीतच काय बिघडले होते?

प्रश्न लाकडाचा कमी आणि जळण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. लाकूड तापले की आधी त्यातून वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ते ज्योतीत जळतात. मिळाली नाही तर ते न जळताच बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे वाया गेलेले इंधन असते. तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते.

त्याची किंमत स्वयंपाक करणाऱ्या बाईला मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात घरातील धुरामुळे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती. धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दम्यासारखे आजार, फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि मोतीबिंदू यांच्याशी त्यांचा संबंध आहे. चूल पेटवताना बाई जिथे बसते, तिथेच लहान मूलही असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण ८९.७ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के होते. महाराष्ट्राचे प्रमाण ७९.७ टक्के. चौथ्या फेरीच्या तुलनेत ही मोठी झेप आहे. तरीही राज्यातील पाचपैकी एका कुटुंबाची मुख्य चूल अजून धुराचीच होती.

उज्ज्वला आल्यावर प्रश्न संपला नाही का?

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून सुरू झाली. आतापर्यंत १० कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या आहेत. घरात सिलिंडर आला, पण चूल बाहेर गेलीच असे नाही. सरकारी आकडेवारीनुसार उज्ज्वला लाभार्थ्यांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी ३ सिलिंडर घेतले. २०२४-२५ मध्ये ही सरासरी ४.४७ वर गेली. म्हणजे वापर वाढतो आहे, पण एक सिलिंडर सरासरी अडीच महिन्यांहून अधिक पुरवला जातो. वर्षभराचा सगळा स्वयंपाक, आंघोळीचे पाणी आणि पाहुणे धरून एवढ्या गॅसवर भागणे कठीण. उरलेली भर चूल घालते. चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, पाणी चुलीवर, अशी ही विभागणी असते.

दुसरा मुद्दा आयातीचा. भारत आपल्या गरजेच्या सुमारे ६० टक्के एलपीजी आयात करतो. आखाती देशांत तणाव वाढला की त्याची झळ स्वयंपाकघरापर्यंत येते. घराजवळ तयार होणारे इंधन हवे, हा आग्रह त्यामुळे पुन्हा पुन्हा पुढे येतो.

एका सिलिंडरऐवजी किती पेलेट लागतील?

हा हिशेब कुणालाही करता येतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो एलपीजी साधारण १०,९०० किलोकॅलरी उष्णता देतो. चांगल्या गॅस शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर एका सिलिंडरमधून भांड्याला मिळणारी उष्णता सुमारे १ लाख ५ हजार किलोकॅलरी होते.

चांगले, कोरडे पेलेट किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी देते. पंख्याच्या शेगडीची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर किलोमागे १,४०० किलोकॅलरी भांड्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे :

- एका सिलिंडरच्या बरोबरीला सुमारे ७५ किलो पेलेट.
- शेगडीची प्रत्यक्षातील कार्यक्षमता २५ टक्क्यांवर आली तर सुमारे १०५ किलो.
- तेवढ्याच कामासाठी साध्या चुलीत (१० ते १५ टक्के) कोरडे लाकूड सुमारे १७५ ते २६० किलो.

आता पैशांचे गणित. एप्रिल २०२५ मधील दरवाढीनंतर मुंबईत सिलिंडरचा दर ८५२.५० रुपये झाला. हिशेबासाठी ८५० रुपये धरू. पेलेट ७५ किलो लागणार असेल तर ते किलोला ११ रुपयांच्या आसपास पडले तरच गॅसशी बरोबरी होते. उज्ज्वलाच्या ग्राहकाला सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान मिळते, म्हणजे तिच्यासाठी सिलिंडर ५५० रुपयांचा. मग पेलेट किलोला सव्वासात रुपयांहून स्वस्त असायला हवे. शेगडी जुनी होऊन तिची कार्यक्षमता घटली तर हा आकडा आणखी खाली येतो. शिवाय ७५ किलोंची पोती घरी आणणे, कोरडी ठेवणे आणि राख काढणे हा त्रास वेगळा. ज्या घराला सरपण फुकट मिळते, त्या घराला तर पेलेटचा कोणताही दर महागच वाटतो.

थोडक्यात, पेलेटची स्पर्धा एकाच वेळी दोघांशी आहे. वरून अनुदानित गॅस आणि खालून फुकटचे सरपण. बहुतेक योजना या दोहोंच्या मध्ये चिरडल्या गेल्या.

महाराष्ट्रात याआधी काय घडले?

पहिला महत्त्वाचा प्रयोग ‘आरती’ म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटचा. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने पुणे आणि फलटण येथे उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याची साधी भट्टी विकसित केली. पाचट बंद पिंपांत ठासायचे, ती पिंपे भट्टीत ठेवायची आणि बाहेरून पाचटच जाळून तापवायची. हवा न मिळाल्याने आतील पाचट जळत नाही, त्याचा कोळसा होतो. त्याची पूड खळीत कालवून कांड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

त्याबरोबर आलेला ‘सराई’ कुकर आजही उल्लेखनीय आहे. तीन भांडी एकावर एक, बाहेर मोठा डबा, खाली कोळशाची छोटी जाळी. सुमारे १०० ग्रॅम कांडी कोळशावर चार-पाच माणसांचा वरण, भात, भाजी तासाभरात वाफेवर शिजते. इंधन बदलण्याबरोबर भांडे बदलले तर किती फरक पडतो, हे त्यातून दिसले. मर्यादाही स्पष्ट होती. भाकरी, फोडणी, तळण त्यावर होत नाही. ज्या घरात रोजची भाकरी हेच मुख्य जेवण, तिथे दुसरी चूल लागतेच.

दुसरा प्रयोग मोठ्या कंपनीचा. बीपी या तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या (आयआयएससी) मदतीने ‘ऊर्जा’ नावाची शेगडी तयार केली आणि २००६ पासून ती महाराष्ट्रासह काही राज्यांत विकली. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आणि पेलेट अशी ती जोडी होती. पंख्याची थोडी हवा खालून जाते, त्यामुळे पेलेट वरून खाली संथपणे तापून वायू सोडतात. उरलेली हवा वरच्या भोकांतून येते आणि तो वायू तिथेच जाळते. ज्योत गॅससारखी, धूर नाममात्र. सुमारे ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला.

मग अडचण आली ती कच्च्या मालाची. पेलेटसाठी लागणारा उसाचा चोथा, शेंगांची टरफले यांना कारखान्यांच्या बॉयलरची आणि सहवीजनिर्मितीची मागणी वाढली. कच्चा माल महागला, पेलेट महागले आणि घरगुती ग्राहक गळू लागले. पेलेट घेणे बंद केले की ती शेगडी कोपऱ्यात जाते, कारण तिच्यात सरपण चालत नाही. कंपनीने पुढे हॉटेल आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे मोर्चा वळवला. तंत्र उत्तम होते, पण पुरवठा आणि दर ग्राहकाच्या हातात नव्हते.

सरकारी शेगड्यांचे काय झाले?

केंद्राने १९८०च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. अनेक चुलींची धुरांडी तुंबली, भांड्यांचे आकार जुळले नाहीत आणि दुरुस्तीला कुणी आले नाही. २००९ मध्ये राष्ट्रीय बायोमास शेगडी उपक्रम आणि २०१४ मध्ये उन्नत चूल अभियान आले.

ओडिशात एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थतज्ज्ञांनी सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बाईच्या श्वासातून जाणारा धूर कमी झाला. त्यानंतर तो फायदा ओसरला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही. प्रयोगशाळेतील आकडा आणि घरातील आकडा वेगळा असतो, हे या अभ्यासाने ठळक केले.

मात्र एक उपयुक्त गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे मानक. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१५२ (२०१३) नुसार पंखा नसलेल्या बायोमास शेगडीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या शेगडीची किमान ३५ टक्के असावी लागते. एक मेगाज्यूल उपयुक्त उष्णतेमागे सूक्ष्म कण अनुक्रमे ३५० आणि १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. शेगडी विकत घेताना हे मानक विचारणे, हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असायला हवा.

द्रोणागिरीतील लाकूड जाळावे की नाही?

सिडकोने वसवलेला द्रोणागिरी नोड जेएनपीए बंदराला लागून आहे. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि आजूबाजूच्या बोकडवीरा, फुंडे, पागोटे, नवघर परिसरात गोदामे आणि कंटेनर यार्ड वाढत गेली. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आल्यानंतर वस्तीही वाढते आहे. बंदराजवळच्या पट्ट्यात लाकडाचा भंगार व्यापार असणे स्वाभाविक. चांगली फळी फर्निचरला जाते, मोडकी सरपणाला.

पण हे लाकूड रानातल्या लाकडासारखे नसते. आंतरराष्ट्रीय व्यापारात लाकडी वेष्टनातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून आयएसपीएम-१५ हा नियम आहे. त्यानुसार लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवले जाते किंवा मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली जाते. लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात देशाची आणि प्रक्रियेची इंग्रजी अक्षरे असतात.

वापरण्यापूर्वी काय पाहावे?

- ‘एचटी’ शिक्का : उष्णतेची प्रक्रिया. लाकडावर रंग, तेल किंवा रसायन सांडलेले नसेल तर तुलनेने सुरक्षित.
- ‘एमबी’ शिक्का : मिथाइल ब्रोमाइडची धुरी. चुलीत किंवा पेलेटमध्ये वापरू नये.
- प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेल्या फळ्या : यात रेझिन असते. जळताना फॉर्मल्डिहाइडसारखे घातक वायू निघतात.
- हिरवट झाक असलेले प्रक्रिया केलेले लाकूड : त्यात तांबे, क्रोमियम, आर्सेनिकची संयुगे असू शकतात. त्याची राखही विषारी असते, ती झाडांना घालू नये.
- रंगवलेले किंवा रसायनांच्या पिंपांखालचे लाकूड : टाळावे.

म्हणजे यार्डातील लाकडापासून इंधन बनवायचे असेल तर पहिली पायरी यंत्र नव्हे, तर वर्गवारी आहे. खिळे काढणे आणि शिक्के पाहून लाकूड वेगळे करणे हे काम हाताने होते. ते यार्डाच्या दारातच झाले तर स्वस्त पडते. एकदा सगळे भंगारात मिसळले की कोणती फळी कुठून आली हे कळत नाही.

उघड्यावर पेटवून देणे हा तर पर्यायच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला होता. खाडीकाठच्या कांदळवनातून सरपण तोडणेही गुन्ह्यात मोडते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ मध्ये कांदळवन तोडीवर कडक बंदी घातली आहे. वस्तीला स्वस्त आणि कायदेशीर इंधन मिळाले तर कांदळवनावरील ताणही हलका होईल.

बेकऱ्यांवरील बंदीशी याचा संबंध काय?

मुंबईतील बेकऱ्या टाकाऊ लाकडाच्या मोठ्या ग्राहक. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४७ टक्के बेकऱ्या लाकूड वापरत असल्याचे आढळले. एक बेकरी दिवसाला सरासरी १३० किलो लाकूड जाळते. जुन्या फर्निचरचे आणि भंगारातील लाकूड ओंडक्यांपेक्षा स्वस्त, म्हणून त्याला पसंती. म्हणजे रंग आणि रेझिनही भट्टीत जाते.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या, हॉटेलांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे आदेश दिले. महापालिकेने नोटिसा बजावल्या. गॅस किंवा विजेच्या भट्टीचा खर्च न झेपणाऱ्या लहान बेकऱ्यांचा प्रश्न त्यातून समोर आला. दुसरा परिणाम कमी चर्चिला जातो. बेकरीत जाणारे टाकाऊ लाकूड नाहीसे होत नाही. त्याला नवा ग्राहक मिळाला नाही तर ते स्वस्त होऊन वस्त्यांतील चुलीत किंवा रस्त्याकडेच्या शेकोटीत जाऊ शकते. वर्गवारीची गरज त्यामुळे अधिकच वाढते.

वीज प्रकल्प शेतकचरा पळवतील का?

स्पर्धेत आता आणखी एक मोठा खेळाडू आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२३ मधील धोरणानुसार औष्णिक वीज प्रकल्पांनी कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट मिसळणे २०२४-२५ पासून अपेक्षित होते, तर २०२५-२६ पासून हे प्रमाण ७ टक्के ठरवले होते. यामुळे शेतात पेटणारा कचरा कमी होईल आणि शेतकऱ्याला दर मिळेल, हा फायदा मोठा आहे. पण वीज प्रकल्प एकगठ्ठा, दीर्घ कराराने खरेदी करतो. घरगुती ग्राहक पाच-दहा किलोंनी घेतो. पेलेट उत्पादक कुणाला माल देईल, हे उघड आहे. ‘ऊर्जा’ शेगडीच्या वेळी बॉयलरमुळे जे घडले, तेच पुन्हा घडू शकते.

मग हे इंधन कुठे उपयोगी पडेल?

आतापर्यंतच्या अनुभवातून तीन ठिकाणी ते अधिक व्यवहार्य दिसते.

पहिले, सामूहिक स्वयंपाकघर. आश्रमशाळा, वसतिगृह, कामगारांची खानावळ, ढाबा. इथे व्यावसायिक सिलिंडर वापरावा लागतो, त्याला घरगुती अनुदान नसते. रोजचा वापर ठरलेला असतो, साठवणीला जागा असते आणि एका प्रशिक्षित माणसाकडे शेगडीची जबाबदारी देता येते. द्रोणागिरीसारख्या भागात, जिथे ट्रकचालक आणि गोदाम कामगार यांच्या खानावळी आहेत, तिथे हा विचार आधी व्हायला हवा. मात्र स्थानिक प्रदूषण नियमांत बसते का, हे तपासूनच.

दुसरे, पाणी तापवणे. घरातील बरेच सरपण आंघोळीच्या पाण्यावर जाते. हे काम अंगणात होते, त्याला ज्योत बारीक-मोठी करण्याची गरज नसते. बंबात लाकडाऐवजी पेलेट किंवा चांगले वाळलेले तुकडे वापरले तर गॅस वाचतो आणि धूर घरात येत नाही.

तिसरे, जिथे कच्चा माल दारात आहे तिथे. भात गिरणी, काजू प्रक्रिया केंद्र, सुतारांच्या वसाहती. वाहतुकीचा खर्च वाचला तरच किलोचा दर आटोक्यात राहतो. पाचट मुंबईपर्यंत आणून त्याचे इंधन करणे परवडत नाही.

घरात वापरायचे असेल तर काही पथ्ये आवश्यक आहेत. कोकणच्या पावसाळ्यात पेलेट ओलावा शोषून फुगतात आणि त्यांचा भुगा होतो, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवावे लागतात. लाकूड ओले असेल तर त्यातील बरीच उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते. कांडी कोळसा धूर करत नाही म्हणून तो निर्धोक समजू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. खिडकी उघडी हवीच. काजूच्या टरफलात तिखट तेल असते, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. घरात ते जाळू नये.

पुढे काय व्हायला हवे?

गॅस आणि वीज ही सर्वांत स्वच्छ साधने आहेत, यावर आरोग्यतज्ज्ञांत फारसे दुमत नाही. बायोमास शेगडी कितीही सुधारली तरी गॅसइतकी स्वच्छ होत नाही. त्यामुळे गरीब घराला पेलेट आणि सधन घराला गॅस, अशी वाटणी करणे योग्य ठरणार नाही. ज्या घरात सिलिंडर आहे पण तो पुरत नाही, तिथे उरलेल्या स्वयंपाकाचा धूर कमी करणे, हे या इंधनाचे खरे काम आहे.

त्यासाठी शेगडी वाटण्यापेक्षा पुरवठ्याची हमी महत्त्वाची. गावाजवळ किंवा नोडजवळ लहान पेलेट केंद्र, बचत गटामार्फत विक्री, किलोचा वर्षभराचा ठरलेला दर आणि पंखा बिघडला तर दुरुस्ती करणारा माणूस. यांपैकी एक कडी तुटली तरी शेगडी अडगळीत जाते, हे गेल्या चाळीस वर्षांत वारंवार दिसले आहे. द्रोणागिरीत त्याची सुरुवात यार्डाच्या दारातील वर्गवारीपासून होऊ शकते. ‘एचटी’ शिक्क्याचे स्वच्छ लाकूड वेगळे निघाले, तर पुढचे सगळे गणित मांडता येईल. ते निघाले नाही, तर हे लाकूड जिथे स्वस्त पडेल तिथे जळत राहील आणि त्याचा धूर सर्वांत आधी जाईल तो चुलीसमोर बसलेल्या बाईच्या नाकातोंडात.